हाक मारली तरी न वळणारे मूल

स्मरणिका म्हटली की शाळेच्या वाटचालीचा आढावा, दहावीचा निकाल, मोठ्या पदांवर पोहोचलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावे आणि देणगीदारांचे आभार हे सारे ओघाने येते. ते यावेच, त्याचा आम्हालाही आनंद आहे. परंतु या अंकात आम्हाला एका निराळ्या विद्यार्थ्याविषयी लिहावयाचे आहे. निवासी शाळांच्या हजेरीपटावर हा विद्यार्थी सहसा सापडत नाही, कारण तो प्रवेशाच्या टेबलापर्यंत येतो आणि तेथूनच परत जातो. नाव विचारले तर सांगत नाही, किंवा ‘तुझे नाव काय?’ हाच प्रश्न जसाच्या तसा आपल्याला ऐकवतो. खुर्चीवर टिकत नाही. छताच्या पंख्याकडे टक लावून पाहत राहतो. आई ओशाळते, वडील दटावतात, आणि टेबलापलीकडून समजुतीच्या सुरात उत्तर येते, की अजून लहान आहे, पुढच्या वर्षी आणा. काही मुलांच्या बाबतीत ते पुढचे वर्ष येतच नाही.

या अवस्थेला वैद्यकशास्त्रात ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ म्हणतात. मराठीत तिला ‘स्वमग्नता’ म्हणण्याची रीत पडली आहे. शब्द ऐकायला गोड असला तरी आम्हाला तो थोडा खटकतो. स्वतःत मग्न असणे ही आपल्याकडे साधकाची किंवा कवीची अवस्था मानली जाते. शिवाय मुलाने आपण होऊन जगाकडे पाठ फिरवली आहे, असा एक ध्वनी त्यात आहे. वस्तुतः यांतील पुष्कळ मुलांना माणसे हवी असतात. माणसांशी जोडून घेण्याची जी रीत इतर मुले कोणी न शिकवता उचलतात, ती यांच्या हाती आपसूक येत नाही, इतकेच. तरीही रूढ झालेला शब्द म्हणून आम्ही येथे तोच वापरणार आहोत.

‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी घडवला. लहान मुलांच्या संदर्भात त्याला आजच्या जवळचा अर्थ मिळाला तो 1943 साली, अमेरिकेतील लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली तेव्हा. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी मिळतेजुळते वर्णन केले. मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी तर 1920 च्या दशकातच अशा मुलांविषयी बारकाईने लिहून ठेवले होते. पण त्यांचे नाव कित्येक दशके कोणी घेतले नाही. ज्ञानाच्या इतिहासात कोणाचे नाव राहते आणि कोणाचे पुसले जाते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नसावी.

या इतिहासातला एक भाग मात्र आजही घराघरांत जिवंत आहे. कॅनर यांच्या लेखनात या मुलांच्या आईवडिलांच्या भावशून्यतेचा उल्लेख आला आणि त्यातून, आईच्या मायेच्या अभावी मूल असे होते, ही कल्पना फोफावली. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या 1967 च्या पुस्तकाने तिला आणखी बळ मिळाले. खरे तर बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, 1964 सालीच तिचे खंडन केले होते. आज शास्त्राला याबाबत शंका नाही. स्वमग्नता हा मेंदूच्या जडणघडणीतील फरक आहे. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईच्या मायेशी, घटस्फोटाशी किंवा नोकरीशी त्याचा कार्यकारणसंबंध नाही. लसीकरणाशीही नाही. लसीवर ठपका ठेवणारा 1998 चा ब्रिटिश लेख त्या नियतकालिकाने 2010 साली मागे घेतला. तरीही आपल्या वस्त्यांत आजसुद्धा सर्वांत आधी आईकडे बोट दाखवले जाते. गरोदरपणी ही अमुक खात होती, ग्रहणात बाहेर पडली होती, मूल सांभाळायचे सोडून पाळीवर जात होती, असे बोलले जाते. कोणी पूर्वजन्मीचे कर्म काढतो. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात माणसाच्या आजच्या दुःखाचे खापर मागच्या जन्मावर फोडणारी कर्माची मांडणी नाकारलेली आहे. निदान त्यांचे नाव घेणाऱ्या घरात तरी हे बोलणे ऐकू येऊ नये.

आमच्या परिसराची गोष्ट यात वेगळी का मांडावी लागते, ते सांगतो. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना 1954 साली स्थापन झाला, आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला देहूरोड येथे बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. पोट आणि धम्म या दोन्हींनी आपल्या माणसांना या पट्ट्यात आणले, असे आम्ही नेहमी म्हणतो. पुढे भोसरी, आकुर्डी, चिंचवड, तळवडे आणि गेल्या काही दशकांत चाकण. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली कुटुंबे आज म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी येथे एकेका खोलीत राहतात. गावी असते तर घरात आजी असती, काकू असती, वाड्यात त्याच वयाची चार पोरे असती. कोणीतरी म्हणाले असते, की हे लेकरू हाक मारली तरी मान वळवत नाही, एकदा दवाखान्यात दाखवून आणा. येथे तुलना करायला दुसरे मूल नसते आणि टोकणारे वडीलधारे माणूसही नसते. बाप रात्रपाळी करून सकाळी झोपतो. खोली एकच, मूल रडता कामा नये. मग त्याच्या हातात मोबाइल दिला जातो. पुढे मूल बोलत नाही असे लक्षात आले की सगळे मोबाइललाच दोष देतात. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पडदा दाखवू नये, हे अगदी खरे. पडदा बंद केल्यावर काही मुलांच्या बोलण्यात सुधारणाही दिसते. पण मोबाइलमुळे स्वमग्नता जडते, असे म्हणायला आधार नाही. उलट ज्या मुलाला माणसांपेक्षा फिरती चित्रे सोपी वाटतात, तेच मूल पडद्याला अधिक चिकटते, हेही तितकेच संभवते. ‘मोबाइल काढून घ्या, सहा महिन्यांनी बघू’ या सल्ल्यात मोलाचे सहा महिने जातात.

तेव्हा काय पाहावे? बाळ एक वर्षाचे झाले तरी नाव घेतल्यावर वळते का. दीड वर्षापर्यंत बोट दाखवते का; आणि दाखवते ते केवळ बिस्किट हवे म्हणून, की ‘आई, ते बघ विमान’ या अर्थानेही. हा दुसरा इशारा फार महत्त्वाचा आहे. आपल्याला दिसलेली मौज दुसऱ्यानेही पाहावी, ही ओढ भाषेच्या आधी येते, आणि स्वमग्न मुलांत तीच उशिरा किंवा अगदी थोडी दिसते. बाय-बाय करणे, लपाछपीत हसणे, खोटा-खोटा चहा पाजणे हे खेळ दिसतात का, ते पाहावे. बोलू लागलेल्या मुलाचे दहावीस शब्द दीड-दोन वर्षांच्या सुमारास हरवले, तर एक दिवसही थांबू नये. गाडीचे चाकच फिरवत बसणे, चपला किंवा डबे ओळीने लावणे, टाचा उचलून चालणे, कुकरच्या शिट्टीने कान दाबून घेणे, एकाच रंगाचे अन्न खाणे, यांपैकी एखादी गोष्ट कोणत्याही मुलात असू शकते. एकट्या एका लक्षणावरून काही ठरत नाही. पण बोलण्या-वागण्यातील देवाणघेवाण कमी आणि ठरावीक गोष्टींचा आग्रह जास्त, असे दोन्ही एकत्र दिसले की तपासणी करून घ्यावी. निदानाचे आजचे निकषही याच दोन खांबांवर उभे आहेत. 2013 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने पूर्वीची निरनिराळी नावे एका ‘स्पेक्ट्रम’मध्ये आणली, ती यासाठीच. एक मूल अजिबात बोलत नाही आणि दुसरे रेल्वेचे वेळापत्रक तोंडपाठ म्हणते, तरी दोघांच्या अडचणीचे मूळ एका जातीचे असू शकते.

‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही चार वर्षांनी बोलला’ हे वाक्य आम्ही इतक्या घरांत ऐकले आहे, की त्यावर एक स्वतंत्र लेख होईल. मुलींचे तर आणखी अवघड. मुलींमध्ये हे निदान मुलांपेक्षा कमी होते. त्यामागे खरा फरक किती आणि शांत, लाजाळू, गुणाची पोर म्हणून दुर्लक्ष किती, हा प्रश्न तज्ज्ञांनाही पडलेला आहे.

निदानाची पहिली पायरी म्हणजे कानाची तपासणी. हाकेला न वळणारे मूल बहिरे तर नाही ना, हे बेरा चाचणीने आधी पाहिले जाते. त्यानंतर मात्र रक्ताचा अहवाल किंवा मेंदूचा फोटो काढून स्वमग्नता सिद्ध करता येत नाही, आणि नेमके हेच पालकांना पटत नाही. महागडी तपासणी झाली नाही म्हणजे डॉक्टरांनी काही केलेच नाही, असे वाटते. खरे निदान हे निरीक्षणाने होते: मुलाशी खेळून, आईवडिलांना तपशीलवार विचारून, शाळेतील वागणूक समजून घेऊन. बालविकासतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हे त्यातले जाणकार. फिट येत असतील तर ईईजी, काही मुलांत जनुकीय तपासणी, हे गरजेप्रमाणे. आपल्या देशात सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली ‘इसा’ ही भारतीय मापनश्रेणी वापरली जाते. तिच्यात 40 विधाने असून प्रत्येकाला 1 ते 5 गुण असतात. एकूण 70 च्या खाली स्वमग्नता नाही, 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम आणि त्यापुढे तीव्र, असे वर्गीकरण होते. हा आकडा म्हणजे मुलाच्या बुद्धीचा गुणांक नव्हे. त्याला आज मदतीची किती गरज आहे याचा तो अंदाज आहे, आणि तो पुढे बदलू शकतो.

दिव्यांगत्वाचा दाखला काढावा की नाही, यावर घराघरांत वाद होतात. ‘एकदा शिक्का बसला की बसला,’ असे आजोबा म्हणतात. आमचे मत स्पष्ट आहे, दाखला काढावा. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला प्रथम स्थान दिले आणि 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील 21 प्रकारांत तिचा स्पष्ट समावेश झाला. म्हणजे आधीच्या पिढीतील पालकांनी जे हक्क झगडून मिळवले, ते आज एका कागदावर मिळतात. 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. अर्ज ऑनलाइन करून नेमून दिलेल्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात तपासणीला जावे लागते. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयाचा रस्ता आपल्या बहुतेकांना ठाऊक आहेच. मोरवाडीत महापालिकेने दिव्यांग भवनही उभारले आहे. चाकणकडच्या पालकांनी अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला गाठावे. हा कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला. विकासातील विलंब हुडकणे हे त्याच्या चार कामांपैकी एक काम आहे, आणि हे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यावयाचे असते. ते येते त्या दिवशी नेमके आपले मूल ‘त्रास देईल’ म्हणून घरी ठेवले जाते, हे आम्ही पाहिले आहे. त्याच दिवशी त्याला न्यावे.

आता उपचारांकडे येऊ. स्वमग्नता ‘बरी करणारे’ औषध आज नाही. फार चिडचिड, स्वतःला चावणे-मारणे यांसाठी काही औषधे तज्ज्ञ देतात. झोप, फिट, चंचलता यांसाठी वेगळी असतात. पण मूळ अवस्थेवर गोळी नाही. ही पोकळी दिसली की तेथे बाजार भरतो. 1956 साली नागपूरला आपण अंगारे-धुपारे मागे टाकले; त्यांची जागा आज ‘स्टेम सेल’च्या इंजेक्शनने घ्यावी, हा काय प्रकार आहे? राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाने 2022 सालीच स्वमग्नतेसाठी हा उपचार करण्याची शिफारस नाही आणि त्याचा प्रचार करणे हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, असे म्हटले आहे. तरीही गावाकडची जमीन विकून लाखो रुपये भरणारे पालक आहेत. शरीरातील धातू काढणारी औषधे, बंद नळकांड्यातील प्राणवायू, गहू-दूध तोडणारे आहार हे त्याच पंगतीतले. आपल्यातले काही सुजाण लोक लहान मुलाला डोळे मिटून बसवण्याचा सल्ला देतात. आनापानाविषयी आम्हाला आदर आहे, आईला त्याचा उपयोगही होईल; पण तो वाचोपचाराला पर्याय नव्हे.

खरा उपयोग होतो तो वाचा-संवाद उपचाराचा, व्यवसायोपचाराचा, वागणुकीच्या शिस्तबद्ध शिक्षणाचा. आणि या सर्वांहून घरातील रोजच्या तासांचा. येथे गोव्याचे उदाहरण मुद्दाम देतो. ‘संगथ’ या गोव्याच्या संस्थेने पाकिस्तानातील रावळपिंडीच्या आणि ब्रिटनमधील संशोधकांच्या साथीने एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले. दोन ते नऊ वर्षांची 65 मुले त्यात होती. तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य-कार्यकर्त्या घरी जात. आई मुलाशी खेळत असतानाचे थोडे चित्रण करीत. मग तेच चित्रण आईसोबत बसून पाहत आणि विचारत, की येथे त्याने तुमच्याकडे पाहिले तेव्हा तुम्ही काय केले? आई स्वतःच्याच खेळातून शिकत असे, की मुलाला प्रश्नांचा भडिमार करण्याऐवजी तो ज्यात रमला आहे त्यात शिरावे, त्याच्या हालचालीला थोडक्या शब्दांत साथ द्यावी आणि वाट पाहावी. ज्यांना हे साहाय्य मिळाले त्या मुलांनी आपण होऊन संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले, आणि पालकांचा प्रतिसादही अधिक जुळता झाला. यात मोठी इमारत लागली नाही, परदेशी यंत्र लागले नाही. चाकणच्या पट्ट्यात तासाला काही शे रुपये देऊन आठवड्यातून पाच थेरपी-सत्रे परवडणारे कुटुंब कंत्राटी कामगाराचे नसते. त्या आईला आठवड्याचे एक सत्र आणि घरी रोज अर्धा-पाऊण तास, अशीच वाट मोकळी आहे, आणि ती हलकी वाट नव्हे.

या पालकांना एक चुकीचा सल्ला वरचेवर मिळतो: ‘घरी मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी गोंधळ होतो.’ दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचे नुकसान होते, असे संशोधनात दिसून आलेले नाही. आणि ज्या आईला इंग्रजीची दहाच वाक्ये येतात, ती त्या दहा वाक्यांत मुलाचे लाड कसे करणार, त्याला रागावणार कशी, आणि वऱ्हाडातली आजी फोनवर आली तर त्याच्याशी काय बोलणार?

आमच्यापैकी पुष्कळ जण कारखान्यांत आहेत, म्हणून एक गोष्ट त्यांच्या भाषेत सांगावीशी वाटते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी 1972 साली स्वमग्न मुलांसाठी ‘टीच’ ही शिक्षणपद्धती उभी केली. तिचा गाभा असा, की ही मुले ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले चांगले धरतात. म्हणून कोणते काम, किती, कोणत्या क्रमाने आणि संपले कधी, हे डोळ्यांना दिसले पाहिजे. आता चाकणच्या कोणत्याही चांगल्या कंपनीची लाइन आठवा. जमिनीवर पिवळ्या पट्ट्या. प्रत्येक पान्याची फळ्यावर रेखाटलेली जागा. पाना नसेल तर ती जागा रिकामी दिसते. कामाच्या पायऱ्या फोटोंसह डोळ्यांसमोर टांगलेल्या. भाग उलटा बसूच नये अशी खाच. काही अडले तर दिवा लावायचा, ओरडायचे नाही. फाइव्ह-एस, पोका-योके, अँडॉन ही नावे आमच्या मित्रांना पाठ आहेत. माणसाच्या स्मरणावर आणि तोंडी सूचनांवर विसंबू नये, रचनेनेच काम सोपे करावे, हा त्यामागचा विचार. स्वमग्न मुलाच्या शिक्षणाचा विचारही नेमका हाच. घराच्या भिंतीवर उठणे, शौच, दात, अंघोळ, नाश्ता, दप्तर अशी सहा चित्रे क्रमाने चिकटवायची. एक काम झाले की त्याचे चित्र काढून डब्यात टाकायचे. कपाटाच्या खणावर आतल्या वस्तूचा फोटो लावायचा. न बोलणाऱ्या मुलाला पाणी, भूक, दुखते, नको अशी चार कार्डे द्यायची, हाच त्याचा अँडॉन. चित्रकार्डे दिली तर मूल बोलायचे थांबेल, ही भीती निराधार आहे. जो बाप कंपनीत सुधारणेच्या सूचना देऊन बक्षीस मिळवतो, त्याने रविवारी दोन तास घरातल्या भिंतीला द्यावेत. थेरपी हे बायकांचे काम आहे असे मानणाऱ्या बापांशी आमचे भांडण आहे.

आता आपल्या शाळेविषयी. निवासी शाळेत अशा मुलांना घ्यावे का? जागतिक आरोग्य संघटनेने अनेक वर्षे सांगितलेला ढोबळ अंदाज शंभर मुलांमागे एक असा होता; तो धरला तर चारशे मुलांच्या कोणत्याही शाळेत तीन-चार मुले असायला हवीत. सौम्य लक्षणांची काही मुले ‘विचित्र’, ‘उद्धट’, ‘एकलकोंडी’ या नावांनी वर्गांत असतातच. 2016 च्या कायद्याने मान्यताप्राप्त शाळांवर समावेशक शिक्षणाचे कर्तव्य टाकले आहे, त्यामुळे दार उघडावे की नाही हा प्रश्न उरलेलाच नाही. कसे उघडावे, एवढाच विचार करायचा आहे, आणि तेथे आम्ही सावध आहोत. लहान वयाच्या, आपले दुखणे सांगता न येणाऱ्या मुलाला वसतिगृहात ठेवू नये, असे आम्हाला ठामपणे वाटते. ज्या मुलाला ‘मला मारले’ हे सांगता येत नाही, ते रात्रीच्या निवासात सर्वांत असुरक्षित असते. सद्भावनेने हे झाकता येत नाही. त्याने आधी दिवसाचा विद्यार्थी म्हणून यावे, आईवडिलांकडे परत जावे. जी कुटुंबे गावी परतण्याच्या बेतात असतात आणि केवळ सोय म्हणून मूल येथे ठेवू पाहतात, त्यांना हे आवडणार नाही.

निवासी शाळेत या मुलांना जुळणाऱ्या गोष्टी मुळातच पुष्कळ आहेत. घंटा, ठरलेली वेळ, ठरलेली जागा, रोजची तीच वंदना. ज्याला बदलाने धडकी भरते त्याला असा दिनक्रम आधार देतो. अडचण होते ती भोजनगृहातील ताटांच्या खणखणाटाने, अचानक रद्द झालेल्या तासाने, स्नेहसंमेलनाच्या ध्वनिक्षेपकाने. आणि स्पष्टच सांगायचे तर 14 एप्रिलच्या मिरवणुकीतील डीजेने. बाबासाहेबांच्या जयंतीला आपलेच एक लेकरू कान दाबून पलंगाखाली बसते, यावर समाजाने विचार करायला हरकत नाही. शाळेपुरते उपाय साधे आहेत. जेवणाची दहा मिनिटे आधीची पंगत, एक शांत कोपरा, उद्या काय वेगळे होणार ते आज फळ्यावर चित्राने सांगणे, वर्गात एक ठरलेला सोबती. दोन शिक्षकांना प्रशिक्षणासाठी पाठवावे. पुण्यातील प्रसन्न ऑटिझम सेंटर, निगडीत शाखा असलेली कामायनी अशा संस्थांचा अनुभव हाकेच्या अंतरावर आहे. ‘अशा मुलामुळे आमच्या मुलांचा अभ्यास बुडेल’, ही इतर पालकांची शंका खोटी ठरवण्याची घाई करू नये. चाळीस मुलांच्या वर्गात मदतनीस न देता असे मूल बसवले तर सर्वांचेच बुडेल, त्याचे सर्वांत जास्त.

चूळपन्थकाची कथा आपल्या मुलांना ठाऊक आहे. जीवकाच्या आम्रवनातला तो धाकटा भिक्खू. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना, तेव्हा थोरल्या भावाने, जो स्वतः विद्वान भिक्खू होता, त्याला विहारातून निघून जायला सांगितले. दाराशी रडत उभ्या असलेल्या त्याला भगवंतांनी हाताला धरून आत आणले आणि एक स्वच्छ कापडाचा तुकडा हाती देऊन तो चोळत राहायला सांगितले. कापड मळत गेले आणि त्याला अनित्यता उमगली. चूळपन्थक स्वमग्न होता असे सुचवण्याचा आमचा हेतू नाही. आम्हाला दिसते ते एवढेच, की भगवंतांनी तीच गाथा पाचव्या महिन्यात आणखी मोठ्याने म्हणून घेतली नाही; शब्दांचा धडा बाजूला ठेवून हाताला करता येईल आणि डोळ्याला दिसेल असा धडा दिला.

पैशांचे काय, हा प्रश्न येणारच. राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा आहे. चाकण औद्योगिक क्षेत्रातील ग्रामपंचायतींना कारखान्यांकडून मिळणारा कर लहानसहान नाही. त्यातील हा 5 टक्क्यांचा भाग दरवर्षी कशावर खर्च होतो, हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे. घरपोच दिलेल्या वस्तूंच्या फोटोऐवजी आठवड्यातून दोन दिवस गावात येणारा वाचोपचारतज्ज्ञ का नको, असेही विचारता येते. कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. आपले कित्येक माजी विद्यार्थी त्या कंपन्यांत काम करतात. प्रस्ताव कोणाच्या टेबलावर जातो, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

शेवटचा विषय अठरा वर्षांनंतरचा. कायद्याच्या दृष्टीने मूल सज्ञान होते आणि आईवडिलांची सही आपोआप चालेनाशी होते. ज्यांना स्वतःचे व्यवहार सांभाळता येत नाहीत त्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. तो सतरावे वर्ष सरता सरता तयार ठेवावा. आणि ज्यांना काम करता येईल त्यांना काम हवे. एसएपी या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीने 2013 साली स्वमग्न व्यक्तींना नोकरी देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. त्यात तिचे भारतातील कार्यालयही होते. आमच्या पट्ट्यात संगणकाइतकेच लोखंडाचे काम आहे. जुळणीसाठी सुट्या भागांचे संच लावणे, मोजणी, लेबलची तपासणी, भांडारातील मांडणी, अशा जागी बारकाव्यावर नजर ठेवणारा आणि रोज तेच काम न कंटाळता करणारा माणूस सुपरवायझरला सोन्यासारखा वाटतो. माजी विद्यार्थी संघाने पुढील बैठकीत आपापल्या कंपनीतील अशा जागांची यादी करावी. मुलाखत तोंडी न घेता दोन आठवडे प्रत्यक्ष काम देऊन घ्यावी. एकच वरिष्ठ ठरवून द्यावा, सूचना लेखी किंवा चित्राने द्याव्यात, प्रेस शॉपच्या आवाजापासून जागा दूर असावी, आणि पहिले वर्षभर पाळी बदलू नये.